करवंदाची कॉफी

वहिनी चमचाभर कॉफी अशी सुर्रकन ओढायच्या की काचेपलीकडे हिशेब करत बसलेला मी दचकायचो. पंगतीत कोणी अशी कढी ओरपली असती, तर तुम्ही-आम्ही मान वळवून बघितलं असतं. बहारीनमधल्या सनद गावात, आमच्या कॉफी भाजायच्या छोट्या रोस्टरीत मात्र त्यांना त्याचाच पगार मिळायचा. नवी पोती आली की नमुना भाजायचा, गरम पाण्यात भिजवायचा, चाखायचा आणि पाकिटावर काय चव लिहायची ते सांगायचं. मी पुण्याचा, पक्का चहाबाज. मला सगळ्या कॉफ्या सारख्याच जळक्या लागायच्या.

त्या सावंतवाडीकडच्या. नवरा इथेच जवळ जिदहफ्सला इलेक्ट्रिशियन, माझा जुना दोस्त, म्हणून त्या माझ्या वहिनी.

त्यांचा जीव इथिओपियाच्या एका कॉफीवर. एरवी फळाचा गर काढून, धुऊन बी वाळवतात. ही मात्र लालबुंद फळं अख्खीच मांडवावर पसरून, सारखी हलवत, उन्हात वाळवतात. गराचा गोडवा बीत मुरतो. "आमच्याकडे आमसुलां घालतत, तसाच," वहिनी सांगायच्या.

मालकांना पाकिटावर 'ब्लूबेरी' हवं होतं. सगळे तेच लिहितात. वहिनी हटून बसल्या. "जा कधी खाल्लाच नाय, ता लिवू कसा?" शेवटी नुसतंच 'फळाची चव' छापलं. मालक आठवडाभर धुसफुसत होते.

मग वहिनींना ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. घरी कुकर करपला तरी त्यांना पत्ता नव्हता. लपवता आलं असतं. त्या सरळ मालकांसमोर उभ्या राहिल्या. "अरबाब, मेरा स्मेल खलास. दूसरा आदमी देखो."

मालक बहारीनचे, वयस्कर, तापट पण मनाने मोठे. म्हणाले, "नया माल आने दो. तब तक तुम पॅकिंग में बैठो. इंशाल्ला आएगा."

म्हणजे नवा माल येईपर्यंत वास आला तर नोकरी, नाहीतर दोघांच्या संसाराला एकट्या नवऱ्याचा पगार. वहिनी रोज सकाळी उरल्यासुरल्या पोत्यात नाक खुपसायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, "आज नाय. उद्या बघूया." इतक्या सहज, की मलाही ते खरंच वाटायचं. एकदा मात्र ओढणीने डोळे पुसताना दिसल्या. मी लगेच आलं घालून चहा पाठवला. त्याचाही वास त्यांना येणार नव्हता, हे मागाहून लक्षात आलं. आपलं डोकं हे असंच चालतं.

नवी पोती आली. वहिनींनी शिवण उसवली, डोकं आत घातलं आणि बराच वेळ वर काढलंच नाही.

"भावोजी! करवंदाचो वास इलो! जाळीतला, उन्हात तापलेला करवंद!"

मी टाळी वाजवली, तोवर त्यांचाच चेहरा उतरला. "वास खरोच इलो, की नुसती आठवण इली?"

नमुना भाजून होताच त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि मला तीन कप मांडायला लावले. दोनांत धुतलेली कॉफी, एकात ही. त्यांनी अचूक ओळखली. "परत मांडा." परत ओळखली. तिसऱ्या वेळी मी खोडी काढली, तिन्ही कपांत हीच ओतली. त्यांनी पहिला हुंगला, दुसरा हुंगला, तिसऱ्यावर हसू फुटलं. "भावोजी, गंमत पुरे. तिन्ही तीच!" मग त्या हसता हसता रडल्या आणि खरं सांगतो, मीही रडलो.

त्या दिवशी मालकांनी ब्लूबेरीचा हट्ट सोडला. पाकिटावर अरबीत आणि इंग्रजीत छापलं: करवंद. आता माहूजहून लोक गाडी काढून येतात आणि जन्मात न पाहिलेल्या करवंदाची कॉफी मागतात.

नवऱ्याने गावी स्वतःचं दुकान टाकलं, तेव्हा वहिनीही गेल्या. त्यांचा चमचा खिळ्याला तसाच आहे. परवा मोबाईलवर फोटो आला. पानाच्या द्रोणात काळीभोर करवंदं, खाली दोन ओळी: "भावोजी, खावन बघितलंय. बरोबरच लिवलेला."

मी चहाचा कप बाजूला सारला. खिळ्यावरचा चमचा काढला, त्याच कॉफीच्या कपात बुडवला आणि सुर्रकन ओढला. काचेपलीकडे मालक दचकून उभे राहिले.

करवंद लागलं.