लिंबानं घासलेली बोटं

इनास सरांना मी प्रथम पाहिलं ते एका परीक्षेच्या सकाळी. साताऱ्याहून शिक्षिकेच्या नोकरीसाठी वसईत येऊन मला आठवडाच झाला होता. शाळेच्या फाटकाशी सर ओंजळ पसरून उभे होते आणि मुली कानातलं काढून त्यांच्या हाती देत होत्या. परीक्षेला धातू चालत नाही, असा वरचा हुकूम होता. एकीची रिंग निघेना, ती रडकुंडीला आली. सर म्हणाले, "रडू नकोस बाळा. कानातल्यातून उत्तरं येत असती तर मीही घातलं असतं." मी हसले. सर हसले नाहीत.

वसईतल्याच होळी गावचे सर पहाटे स्वतःच्या वाडीत राबत आणि मग शाळेत येऊन इंग्रजी शिकवत. नियम त्यांनी जन्मभर पाळले. म्हणूनच नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचं केंद्र आमच्या शाळेत आलं, तेव्हा केंद्रप्रमुख तेच झाले. त्या दिवसाबद्दल या गौरवग्रंथात गप्प बसणं मला जमणार नाही.

अर्नाळ्याची हर्षाली पाचवीपासून सरांची विद्यार्थिनी. परीक्षेच्या दारात ओळख पटवणारं यंत्र तिच्या अंगठ्याचा ठसा काही केल्या घेईना. आईबरोबर कोळंबी सोलून बोटं आधीच झिजलेली. त्यात वर्गात वास येऊ नये म्हणून आईनं आदल्या संध्याकाळी लिंबू आणि खडेमीठ लावून ती खसाखसा घासली होती.

"हिला मी लहानपणापासून ओळखतो," सर म्हणाले.

"सर, तुमची ओळख सिस्टीमला चालत नाय," बाहेरून आलेले निरीक्षक म्हणाले. माणूस वाईट नव्हता, त्यालाही नोकरी होती.

सरांनी स्वतःचा अंगठा यंत्रावर टेकवला. मातीत झिजलेला तो अंगठाही यंत्रानं नाकारला. "म्हणजे मीही इनास नाही," सर म्हणाले. "मलाही बाहेर काढा."

वेळ झाली, फाटक लागलं. सर हर्षालीबरोबर बाहेर उन्हात बसून राहिले. तिची आई धावत आली. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, "लिंबू लावलं नसतं तर गेली असती का ओ आत, सर?"

केंद्र सोडलं म्हणून निवृत्तीच्या तोंडावर सरांच्या वाट्याला चौकशी आणि निलंबन आलं. हर्षालीचं लग्न ठरलं, परीक्षा राहिली ती राहिलीच. मला अजून संताप येतो. सर मात्र दर परीक्षेआधी अर्नाळ्यात घरोघर जाऊन सांगतात, "आठ दिवस पोरींना कोळंबीला बसवू नका. हात घासू नका. वास आला तर येऊ दे." इंग्रजीच्या शिक्षकांना आता हे शिकवावं लागतं.

या ग्रंथासाठी चार ओळी मागायला मी हर्षालीकडे गेले. कोळंबी सोलता सोलता ती म्हणाली, "लिवीन, बाई. पन खाली अंगठा मागू नका."

सरांना साठ वर्षं पूर्ण झाली. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. दारावरच्या माणसानं पोरीचा चेहरा ओळखून तिला आत सोडलेलं त्यांना एकदा बघायचं आहे, आणि त्यासाठी फार मोठं आयुष्य लागेल.