पलीकडची कोथिंबीर

सकाळचा चहा मी गॅलरीत घेतो, तेव्हा शेजारच्या सुमनकाकू खाली रस्ता ओलांडायला उभ्या असतात. कोथिंबीर आमच्या फाटकापाशीही मिळते, पण काकूंना ती पलीकडचीच लागते.

काका होते तोवर त्यांचा दंड धरून काकू निर्धास्त पलीकडे जायच्या. गाड्यांकडे बघायचं काम काकांचं. काका गेल्यावर त्या कितीतरी दिवस फाटकाबाहेरच पडल्या नाहीत. मग एका सकाळी रस्त्याच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या आणि तशाच परतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. रोज येत राहिल्या. आता त्या हात पुढे करून येणाऱ्या रिक्षाला चक्क दटावतात, "थांब रे बाबा, म्हातारी येतेय!" आणि चालू लागतात.

मला वाटतं, धीराचं विरजणासारखंच असतं. कालच्या दह्यातलं चमचाभर राखायचं आणि आजच्या दुधाला लावायचं. संपलंच, तर वाटी घेऊन शेजारी जायचं. काकूंनी नुसती हाक मारली असती, तरी आम्ही कुणीही हात धरून त्यांना पलीकडे नेलं असतं. त्यांनी हाक मारली नाही. स्वतःच्याच घरचं विरजण पुरवून पुरवून वापरलं.

आज त्या रिकामी पिशवी हलवत परतल्या. मी वरून विचारलं, "काकू, कोथिंबीर नाही मिळाली?"

त्यांनी मान वर केली.

"आज नकोच होती रे. नुसती जाऊन आले."