वसंताने लावलेला दगड

गाडी उलटी पडली होती. चारही चाकं वर, आणि त्यातलं पुढचं एक अजून फिरत होतं. खाली माझा दीर वसंता होता. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यातली कुठे गेली ते नंतरही सापडलं नाही. वर उताराच्या माथ्याजवळ माझी नात तनुजा हेल्मेट घालून तशीच उभी होती. गाडी उलटली तेव्हा ती गाडीवर नव्हती. तिने त्याआधीच उडी टाकली होती. मी बाजूला चहाची किटली घेऊन उभी होते आणि हे सगळं मी पाहिलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून मला लांबचं चांगलं दिसतं.

आम्ही दोघींनी गाडी उचलून पाहिली. हलली नाही. शेजारच्या रानात बाया कांदा काढत होत्या, त्या ओरडा ऐकून पळत आल्या आणि सगळ्यांनी मिळून गाडी बाजूला केली. वसंताला त्यांच्या कांद्याच्या पिकअपमध्ये घातलं आणि शिरूरच्या दवाखान्याचा रस्ता धरला. वाटेतच त्याचा हात गार पडला. तो माझ्या हातात होता म्हणून मला कळलं. ड्रायव्हरला मी काही बोलले नाही, तो आधीच फार जोरात चालवत होता.

मी लग्न होऊन न्हावऱ्यात आले तेव्हा वसंता दुसरीत होता. सासूच्या मागे ढीगभर कामं, त्यामुळे त्याची आंघोळ, त्याचा भांग, त्याच्या चड्डीची नाडी हे सगळं माझ्याकडे आलं. ज्याचं नाक पुसलं त्याला भावजी कसं म्हणणार? मी त्याला कायम वसंताच म्हटलं, अरे-तुरेच केलं. बायका नावं ठेवायच्या. तो मात्र मला मरेपर्यंत 'वहिनी, तुम्ही' म्हणाला, आणि भांडताना तर जास्तच.

त्याला चाकाचं वेड होतं. चाक दिसलं की जेवण राहायचं. शाळा सोडून तो उसाच्या ट्रॅक्टरवर लागला, पण आधी ड्रायव्हर म्हणून नाही, मागचा माणूस म्हणून. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, ऊस शीग लावून भरलेला. चढाला ट्रॅक्टरचा दम गेला की ट्रॉल्या मागे यायला लागतात. तेव्हा मागच्या माणसाने पळत जाऊन चाकामागे दगड लावायचा. दगड लागला तर ट्रॉली थांबते, नाही तर ट्रॅक्टरसकट ओढ्यात जाते. वसंता त्या कामात पटाईत होता. जेवताना सांगायचा, "वहिनी, तिथं डोकं चालवायचंच न्हाई. चाक मागं हाललं की हातात दगुड पाह्यजे." पुढे तो स्वतः ड्रायव्हर झाला, लग्न झालं, गुडघे गेले, ते काम सुटलं.

मग त्याने ही गाडी आणली. चार जाड चाकांची मोटारसायकल. हँडल मोटारसायकलसारखं, पण वेग अंगठ्याने वाढवायचा. तिला क्वाड बाईक म्हणतात. गावातले लोक तिला बेडूक म्हणायचे, ते वसंताला आवडायचं नाही. दौंडकडच्या एका फार्महाऊसवाल्याला तिचा कंटाळा आला होता, त्याच्याकडून त्याने ती पिकअपमध्ये घालून आणली. मंदा, त्याची बायको, दारातच उभी राहिली.

"हे काय आणलंय?"

"चारा आनायला."

"ह्याच्यावर चारा बसतो?"

"बसंल की. तुझ्याइतकी कुरकूर न्हाई करायचा."

चारा कधी बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो माळावर गोल गोल फिरत होता, साठीला आलेला माणूस, टोपी दातात धरून.

आमचा माळ म्हणजे नुसता मुरूम. तिथे गवतही धड येत नाही. त्याने वळणांवर जुने टायर रचले, बोअरचं पाणी सोडून चिखलाचा खड्डा केला आणि टेकडीचा उतार चढायला ठेवला. आणखी तीन गाड्या आल्या. कोरेगाव भीमाच्या बाजूने कारखान्यातली पोरं सुट्टीला यायला लागली, त्यात बिहारची, उत्तर प्रदेशची बरीच. मी त्यांना पिठलं, भाकरी आणि ठेचा करून घालायचे. ठेचा खाऊन त्यांचे डोळे भरायचे, पण पुढच्या वेळी तोच मागायचे.

उताराच्या पायथ्याला वसंताने दगडांची एक ओळ लावली होती, प्रत्येक दगडाला चुना. गाडी चढावर असेपर्यंत त्या ओळीच्या आत कोणी पाय टाकायचा नाही, हा त्याचा नियम. पोरांना तो स्वतःच्या हिंदीत सांगायचा, "भाई, गाडी पीछे आयी तो छोड देने का. वरच्या बाजूला उडी मारने का."

"चाचा, उडी मतलब?"

मग तो गेलेल्या गुडघ्यांनी स्वतः उडी मारून दाखवायचा आणि पोरं टाळ्या वाजवायची. "हसो मत," तो म्हणायचा. "लोखंड दुसरा मिलता है, तंगडी नही मिलती."

एकदा आमच्याच भावकीतला केरबा तिथे उभा होता. एका पोराची गाडी चढावर बंद पडून मागे यायला लागली. पोराने उडी टाकली. केरबा दगड घेऊन पळाला, उसाच्या ट्रॉलीला लावतात तसा. वसंताने त्याला मागून शर्टाला धरून ओढलं आणि सगळ्यांसमोर आईवरून शिवी दिली. मग त्याला खाली बसवून सांगितलं, "ही ट्रॉली हाय का? ट्रॉली जड आसती, दगडाला टेकून थांबती. ही हालकी. मागचं चाक आडलं की पुढून उठती आन् उलटी होऊन आंगावर येती. जाऊ दे की तिला खाली. खाली काय तुझा बाप झोपलाय?" केरबा महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. म्हणजे वसंताला हे माहीत होतं. कोणी म्हणू नये की माहीत नव्हतं.

मलाही तो सारखा म्हणायचा, "वहिनी, एक चक्कर मारा."

मी म्हणायचे, "मला उचलायला चौघं लागतील तवा लागतील. तुझी चार चाकं नकोत."

पण एकदा मी बसले. विहिरीपर्यंत गेले आणि परत आले. अंगठ्याने एवढं मोठं धूड पुढे पळतं याची मजा वाटली. उतरल्यावर त्याने विचारलं, "कसं वाटलं?" मी म्हटलं, "बैल बरा." तो दिवसभर ते मंदाला सांगून हसत होता.

तनुजा माझ्या मुलाची मुलगी, शिरूरला कॉलेजात आहे. ती त्याला आप्पा म्हणायची. पहिल्यांदा बसली ती उतरायलाच तयार नव्हती. वर्षभरात तिने कारखान्यातल्या सगळ्या पोरांना मागे टाकलं. पुण्याजवळ या गाड्यांच्या चिखलातल्या शर्यती होतात, तिथे वसंता तिला घेऊन गेला. दोघं डोळ्यांपर्यंत चिखलाने माखून परत आली.

"कितवी आली?" मी विचारलं.

"शेवटून दुसरी," वसंता म्हणाला. "म्हंजी एक जन हिच्या मागं हाय. बामनाचं पोरगं हाय, नवी गाडी हाय त्याची."

"आप्पा, त्याचं पेट्रोल संपलं होतं," तनुजा म्हणाली.

"मंग संपू दिलं कशाला त्यानं? तुझ्या गाडीत व्हतं का न्हाई?"

पण त्या शर्यतीनंतर तो बदलला. पुढच्या शर्यतीत उंच चढ होता आणि तनुजाला तो चढायचा होता. तिला उडी येते का, याचीच त्याला काळजी लागली. बंद गाडी उतारावर उभी करायची, तिला वर बसवायचं आणि अचानक ओरडायचं, "उतर!" ती वरच्या बाजूला उडी टाकायची. पुन्हा बसवायचं, पुन्हा ओरडायचं. पोरगी वैतागायची, पण चुकायची नाही. तरी तो चुलीपाशी येऊन मला विचारायचा, "वहिनी, येळ आली की उतरंल का हो ती? का गाडीच धरून बसंल?"

"तूच शिकवलंयस ना?"

"शिकीवलं तर शिकीवलं. येळेला मानूस गाडी सोडीत न्हाई. मी बघितल्यात."

"मग एवढं भ्या वाटतंय तर चढवतोस कशाला?"

"मी न्हाई शिकीवलं तर दुसऱ्याकडं शिकंल. न्हाईतर शिकल्याबिगर चढंल. कोनचं बरं?"

मी चुलीत लाकूड पुढे सारलं.

शर्यत जवळ आली होती. त्या दिवशी माळावर आम्ही तिघंच होतो. वसंता दगडांच्या ओळीबाहेर उभा, मी बाजूला. तनुजा चढावर गेली. वरचा टप्पा थोडाच राहिला होता तेव्हा गाडीने धाप टाकली आणि बंद पडली. क्षणभर जागेवर थांबली, मग मागे यायला लागली. तनुजाने हँडल सोडलं आणि वरच्या बाजूला उडी टाकली. त्याला ओरडावंही लागलं नाही. ती मुरमावर हात टेकून पडली आणि लगेच उठली. काम झालं होतं. गाडी रिकामी खाली आली असती, टायरांना धडकली असती, एखादा दिवा फुटला असता.

वसंताने ओळीतला एक दगड उचलला आणि तो वर पळाला. त्या गुडघ्यांनी तो इतका पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. दगड त्याने बरोबर मागच्या चाकाला लावला. अगदी बरोबर लावला. गाडी अडली, पुढून उठली आणि त्याच्या अंगावर आली.

दशक्रियेला पुढारी आले होते. आमच्याकडे दहाव्याला भाषणं होतात. एकाने माइक हातात घेऊन सांगितलं की आप्पांनी नातीसाठी जीव दिला. मग दुसऱ्यानेही तेच सांगितलं, मग सगळ्यांनीच. मंदा पदर तोंडाला लावून ऐकत होती आणि तिची मान हलत होती. तनुजा बायकांच्या मागे बसली होती. तिची मान हलत नव्हती.

त्यानंतर पोरगी कॉलेजला जाईना. गाड्यांवर ताडपत्री टाकली होती, तिकडे बघेना. एक दिवस मी लसूण सोलत होते, ती समोर येऊन बसली.

"आज्जी, मी उडी टाकली नसती तर बरं झालं असतं."

"का?"

"निदान लोक म्हणतात ते खरं झालं असतं."

मी लसूण खाली ठेवला. म्हटलं, "हे बघ, वसंतानं जीव-बीव दिला न्हाई. त्यानं दगुड लावला. जल्मभर तेच केलं व्हतं त्यानं. रिकामी ट्रॉली असती तरी लावला असता."

"पण त्यांनीच तर सांगितलं होतं, दगड लावायचा नाही म्हणून."

"केरबाला सांगितलं. सोताच्या हाताला न्हाई सांगता आलं."

तिने लसणाची एक पाकळी उचलून सोलली. मग म्हणाली, "मी उतरले ते त्यांनी बघितलं का?"

"म्हाईत न्हाई."

"तू तर तिथंच होतीस."

"मी तुझ्याकडं बघत व्हते."

ती उठून गेली. मी तिच्या मागे गेले नाही. चार दिवसांनी ती एसटीने कॉलेजला गेली. गाडीवर पुन्हा बसेल की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. मंदाशी मी यातलं काही बोलत नाही. तिला जे धरून राहायचं आहे ते तिने धरावं. तीही मला विचारत नाही की मी काय पाहिलं.

गाडीचं फारसं काही बिघडलं नव्हतं. केरबाने ती सरळ करून बटण दाबलं तर पहिल्या झटक्यात चालू झाली. त्याने लगेच बंद केली आणि तिथेच बसून रडला.

मी मात्र जे पाहिलं ते सांगते. त्या उतारावर आम्ही तिघं होतो. वसंता गेला. मला काही झालं नाही. तनुजा जगली, कारण त्याने शिकवलं होतं तशी ती वेळेवर उतरली होती.