दुनळीवरची चांदीची पट्टी

मालोजीकाकानं जन्मात कधी चूक कबूल केली नाही. पोलादपूरच्या खोऱ्यात भात-नाचणी पिकवली, शेतात घुसणाऱ्या रानडुकरांवर दुनळी रोखली, आणि कुणी काही बोललं की एकच, "गप रे, तुला काय कळतंय!" मी त्याचा पुतण्या, त्यामुळं ते सगळ्यात जास्त मीच ऐकलं.

यंदा बयाकाकीचे गुडघे बदलायचं ठरलं. काकाचाही हात आता थरथरतो. म्हणून रीतसर परवानगी काढून बंदूक विकायला काढली. पुण्याचा परवानाधारक विक्रेता महाडला आला. त्यानं दुनळी उलटसुलट पाहिली आणि लाकडी दस्त्यावरच्या चौकोनी खड्ड्यावर बोट ठेवलं.

"इथली पट्टी?"

"काढली."

"अरेरे! मूळ मालक कोण ते सिद्ध झालं असतं तर शौकिनांनी दसपट किंमत दिली असती, हो. आता ही नुसती जुनी बंदूक."

काकानं तो खड्डा पंज्यानं झाकला. मला सगळं माहीत होतं.

बंदूक मुळात महाडच्या बौद्धवाडीतल्या सुभेदार श्रीपतांची. पलटणीत निशाणेबाजीत पहिले आले म्हणून साहेबानं बक्षीस दिलेली, चांदीच्या पट्टीवर त्यांचं नाव कोरून. म्हातारपणी त्यांनी ती माझ्या आजोबांना विकली. पुढं एका खंडेनवमीला हत्यारं पुजायला मांडली होती, तेव्हा भावकीतल्या कुणीतरी खोचकपणे विचारलं, "काय मालोजी, हळदकुंकू कुणाच्या नावाला वाहतोस?" सगळे खो खो हसले. काकानं तिथल्या तिथं पटाशी मागवली. दस्ता घट्ट धरून मी बसलो होतो. मीही हसत होतो, सांगायला लाज वाटते. चांदी सोनाराकडे आटवली.

विक्रेता म्हणाला, मूळ मालकाच्या घरात एखादा जुना फोटो असेल तर बघा. म्हणून आम्ही दुनळी घेऊन सुभेदारांच्या पणतीकडं गेलो. प्रियदर्शिनी, शाळेत शिकवते. फोटो होता! सुभेदार खुर्चीत, मांडीवर दुनळी, पट्टी लख्ख दिसतेय.

"एवढा फोटो द्या बाई, आणि बंदूक सुभेदारांचीच म्हणून दोन ओळींचं पत्र," काका म्हणाला. त्याला कुणाची विनवणी करताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

"देते की, आजोबा. पण पट्टी दिसत नाही ती? पडली का?"

म्हण ना रे बाबा, पडली म्हण, मी मनात घोकत होतो. काकानं डोक्यावरची टोपी काढली.

"पडली नाय. मीच उपटली. पूजेत तुमच्या पणज्याचं नाव नको व्हतं मला."

तिनं फोटो हळूच आपल्याकडं ओढून घेतला.

"माझे बाबा शेवटपर्यंत सांगायचे," ती म्हणाली, "खोऱ्यात एक घर हाय, तिथं दर दसऱ्याला माझ्या आजोबांचं नाव पुजतात."

फोटो तिनं दिला नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही दिला नसता.