बाकावरची एक प्रवासी

फोटो काढायला येतात मेले आणि वर विचारतात, "आजी, हे स्टेशन बंद का पडलं?" प्रवासी नव्हते म्हणून, असं कागदावर आहे. कागदाला काय जातंय!

माझे बाबा इथले शेवटचे झेंडेवाले. आधी मास्तरांची बदली झाली, मग तिकिटाच्या खिडकीला फळ्या ठोकल्या. राहिले बाबा, दोन झेंडे आणि सकाळची एकच गाडी. तीही प्रवासी असला तरच थांबायची. लाल दाखवला की थांबणार, हिरवा दाखवला की सुसाट. दोन वर्षं इकडे कुणी फिरकलं नाही. बाबा मात्र रोज दाढी करून, कोटाची बटणं लावून जायचे आणि हिरवा दाखवून परत यायचे. आई चिडवायची, "आलात गाडीला तोंड दाखवून?"

मग एका पहाटे आईच्या पोटात कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, "आजच्या आज शहरात न्या, उद्यावर टाकू नका." रस्ता तेव्हा धड नव्हता. मी तिला धरून धरून फलाटावरच्या बाकावर बसवलं. बाबांनी दाढी केली, बटणं लावली आणि पुढे जाऊन उभे राहिले.

गाडी दिसली तसा त्यांचा हात वर गेला. हिरवा.

मला दिसला हो तो झेंडा! पण बाबा चुकतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शेवटचा डबा गेला, बाबा वळले आणि आईला बघून मटकन खाली बसले.

"अहो, सवयीनं झालं," आई म्हणाली. कळ दाबून हसलीसुद्धा. "उद्या जाऊ की."

संध्याकाळी ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, आई घरात झाकून ठेवलेली, आणि बाबा बटणं लावायला लागले. मी ओरडले, "आता कुणासाठी?" ते ऐकतात कुठले! मी मागे धावले. त्यांनी लाल दाखवला. गाडी थांबली. ड्रायव्हर बाहेर वाकून म्हणाला, "कोण चढतंय हो?" बाबा रिकाम्या बाकाकडे बघत राहिले. मग त्यांनी हिरवा दाखवला.

महिन्याभरात कागद आला. दोन वर्षांत एकही प्रवासी नाही, स्टेशन बंद. बाबांनी सही केली.

माझा संताप झाला. "बाबा, एक होती ना!"

"चढली कुठे ती?" बाबा म्हणाले.