चहाच्या ग्लासातले रंग

लेन्सवरचा फिल्टर जरासा फिरवला आणि दोन ग्लासांत रंग उतरले. बुडाशी पिवळा, त्यावर निळसर, मग जांभळट पट्टा. शेजारचे चार ग्लास मात्र कोरे. सहाही एकाच कारखान्यातले, एकाच साच्यातले. बुधवारची दुपार होती आणि माझं डोकं चालेना.

मी प्रॉडक्ट फोटोग्राफर. घणसोलीतल्या आमच्या फ्लॅटची मागची बेडरूम हाच माझा स्टुडिओ. काच मोठी चावट वस्तू. तिच्यावर लाइट मारला की खिडकी, पंखा, माझा अवतार, सगळं तिच्यात उमटतं. म्हणून उजेड मागे ठेवायचा, मग तिच्या कडा उठून दिसतात. माझा मोठा लाइट रिपेअरला गेला होता, तेव्हा कॉम्प्युटरचा मॉनिटर मागे उभा करून स्क्रीन पांढरी केली होती. लेन्सवर पोलरायझर होता. म्हणजे चकाकी घालवणारा गोल फिल्टर. फिरवला की चकाकी कमी-जास्त होते.

काम भालेराव सरांचं. तळोज्यात त्यांचा चहाचे ग्लास बनवायचा छोटा कारखाना आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नावाने माल केला, आता पहिल्यांदाच स्वतःचा ब्रँड. हॉटेलांची पहिली मोठी ऑर्डर शुक्रवारी गाडीत चढायची होती. कॅटलॉगचे फोटो माझ्याकडे. सोमवारी त्यांनी चार ग्लास पाठवले, मग सेट सहाचा असतो हे त्यांना आठवलं, म्हणून बुधवारी आणखी दोन आले. रंग या दोघांतच.

मी ते दोन ग्लास साबणाने घासले, व्हिनेगरने पुसले. रंग तसेच. लेन्स बदलली. जागा बदलल्या, तर रंगही ग्लासाबरोबर जागा बदलून गेले. उन्हात धरले तर सगळे सारखेच दिसायचे. नवऱ्याला ऑफिसात फोन केला, त्याने चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. असला राग आला ना त्याचा!

शेवटी भालेराव सरांना फोटो पाठवून विचारलं, की या दोघांची काच वेगळी आहे का? उत्तराऐवजी त्यांचा फोनच आला. माझा प्रश्न त्यांनी वाचलाच नव्हता. फोटो बघून माणूस हवेत गेला होता. काय इफेक्ट आहे मॅडम, हाच कव्हरवर घेऊ, सहाही ग्लासांत द्या, असं म्हणत होते. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी तो टाकलासुद्धा होता.

आता जुन्या चार ग्लासांत रंग आणायचा कुठून? मी फिल्टर फिरवून फिरवून बोटं दुखवून घेतली. मागची पांढरी स्क्रीन काळी व्हायची, ग्लास ढिम्म. सरांना सांगितलं, तर त्यांनी गुरुवारी सकाळी चार ताजे ग्लास धाडले. त्या चारही ग्लासांत रंग आला. का आला ते मला अजिबात कळलं नाही. पण फोटो देखणा झाला, दुपारी कव्हर पास झालं आणि मी न कळण्याचा नाद सोडला. क्लायंट खूश तर आपण कशाला खाजवून खरूज काढा!

संध्याकाळी बेल वाजली. दारात साठीचे एक गृहस्थ. मी पाटील, तळोज्याला भट्टीवर असतो, म्हणाले. इथेच तळवलीत राहत होते, सरांच्या ड्रायव्हरकडून माझा पत्ता घेतला होता.

"पोरी, ग्रुपवरचा यो फोटू तूच कारलास? कंच्या ग्लासांचा?"

मी म्हटलं, नव्या. स्टुडिओत येऊन त्यांनी एकेक ग्लास मॉनिटरपुढे धरून कॅमेऱ्यातून पाहिला. मग किचनमध्ये पाणी उकळायला लावलं, ओट्यावर एक जुना आणि एक नवा ग्लास ठेवला आणि मला मागे सरकायला सांगितलं. जुन्यात पाणी ओतलं, काही नाही. नव्यात ओतलं आणि टक्कन बूडच सुटलं. उकळतं पाणी ओट्यावरून खाली आलं. हा ग्लास चहाने भरून कुणाच्या तरी हातात गेला असता.

पाटीलकाकांनी समजावलं. साच्यातून निघालेला ग्लास लालभडक असतो. त्याला एका लांब भट्टीतून बेल्टवर हळूहळू थंड करावं लागतं. घाई केली तर बाहेरची काच आधी आवळते, आतली ओढलेलीच राहते. हा ताण उघड्या डोळ्यांना दिसत नाही. माझ्या मॉनिटरचा उजेड एका ठरावीक पद्धतीने येतो आणि फिल्टर त्याला अडवतो, म्हणून मागचं काळं पडायचं. ताणलेली काच त्या उजेडाला मध्येच वळवते, तो निसटतो आणि रंग होऊन दिसतो. हा उजेडाचा भाग मी नंतर वाचून काढला. काकांना एवढंच ठाऊक होतं की असे रंग त्यांनी पूर्वी एका मोठ्या कंपनीत, तपासणीच्या यंत्रात पाहिले होते.

शुक्रवारची गाडी गाठायला मंगळवारपासून बेल्ट जोरात चालवला होता. काकांनी दोनदा हटकलं होतं. "डोल्याला दिसत न्हाय, मंग कोन आयकतंय? आता तूच सांग. तुज्याकडं फोटू हाय."

मला नको होतं ते. कालपासून ज्या फोटोचं कौतुक ऐकत होते, त्यालाच खोटं पाडायचं, तेही दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसून. तरी व्हिडिओ कॉल लावला. सर आधी हसले, मग चिडले. मॅडम, तुम्ही फोटो काढा, काच आम्ही बघतो, म्हणाले. मी फोन काकांच्या हातात दिला, दुसरा नवा ग्लास ओट्यावर ठेवला आणि लांबूनच उकळतं पाणी ओतलं.

तोही फुटला.

"बेल्ट वाढवायला मीच सांगितलं होतं," सर म्हणाले. "काका, गाडी थांबवा."

तो सगळा माल पुन्हा भट्टीतून सावकाश काढावा लागला. हॉटेलवाल्यांना ऑर्डर दहा दिवस उशिरा मिळाली. ते कुरकुरले, पण घेतली. बेल्टच्या टोकाला आता एक जुना मॉनिटर आणि माझ्याकडचा एक फिल्टर असतो. काका रोज मूठभर ग्लास त्याच्यापुढे धरतात आणि रंग दिसला की बेल्ट थांबवतात. कुणाला विचारत नाहीत.

कव्हर मी नव्याने शूट केलं. सहा ग्लास, सगळे साधे, कोरे. सरांनी बघितलं आणि खट्टू होऊन म्हणाले, "आधीचाच भारी होता, मॅडम."

होताच. पण चांगल्या काचेचा फोटो असाच कोरा येतो, बघण्यासारखं त्यात काही नसतं.