तक्त्यातली शेवटची नोंद

पुण्यातली जावा प्रोग्रॅमिंगची नोकरी सोडून मी अमेरिकेत, रेडमंडला आले. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, त्यामुळे काम करायला मनाई. नवरा एका छोट्या कंपनीत होता. त्यांचं टूल दुसऱ्यांच्या कंपाइल झालेल्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे बाइटकोडमध्ये, आपल्या चार ओळी घुसवायचं आणि कुणीच न सावरलेल्या चुकांची नोंद ठेवायचं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका ग्राहकाचा प्रोग्रॅम टूल लावलं की बंद पडू लागला. एरवी तो ठणठणीत चालायचा. नवरा आठवडाभर नीट जेवला नाही. रविवारी दुपारी तो प्रिंटआउट पसरून बसला होता, शेजारी मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. मी कागद मागितला. तो म्हणाला, कंटाळशील. तरी मी घेतलाच.

खाली एक छोटा तक्ता होता: या ओळीपासून त्या ओळीपर्यंत एक्सेप्शन, म्हणजे चालताना होणारी चूक, आली तर अमुक ठिकाणी जा. मशीन तो वरून वाचतं आणि पहिली लागू पडणारी नोंद सापडली की थांबतं. टूलची नोंद सगळ्याच चुका पकडणारी, आणि टूल ज्या तयार कोडच्या लायब्ररीवर चालायचं, तिने ती सगळ्यात वर घातली होती. कनेक्शन तुटलं की प्रोग्रॅमचा स्वतःचा हँडलर, म्हणजे चूक सावरणारा भाग, ते पुन्हा जोडून घ्यायचा; आता त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

"तुमची नोंद शेवटी हवी," मी म्हणाले. "आधी त्यांचं त्यांना निस्तरू दे."

त्याने खुर्ची जवळ ओढली आणि परत सांगायला लावलं. मी पेन्सिलीने आकृती काढली, भराभर बोलत गेले. इतकं सलग मी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. मान वर केली तर तो कागदाकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

"घरी बसून फार जड जातं का गं?"

नाही म्हणायचं होतं. "हो," म्हणाले, आणि रडू आलं. त्याने उरलेले कपडे पुढे ओढले आणि आम्ही दोघांनी मिळून घड्या घातल्या.

सोमवारी त्याने दुरुस्ती केली आणि चूक बायकोने शोधली असं टीमला सरळ सांगितलं. येताना कम्युनिटी कॉलेजचा फॉर्म आणला. नोकरीला बंदी असली तरी शिकायला नव्हती. त्या वसंतात आठवड्यातून दोन संध्याकाळी मी क्लासला जायचे. त्या दिवशी स्वयंपाक त्याच्याकडे. बहुतेक वेळा खिचडीच असायची, मीठ जरा कमी.